माळवदाच्या सान्याला आणि शेडच्या झरोक्याला कोणता पारदर्शक पत्रा बसवावा?

सोलापूरच्या जुन्या पेठांमध्ये घराला घर चिकटलेलं असतं. माजघराला खिडकी काढायची म्हटली तर भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं स्वयंपाकघर. उजेड यायचा तो वरून, माळवदातल्या (मातीच्या सपाट छतातल्या) सान्यातून, म्हणजे उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून. त्याच उजेडात कुणी विड्या वळतं, कुणी शिलाई करतं, कुणी पोरांचा अभ्यास घेतं. म्हणून सान्यावरचा पत्रा पिवळा पडला, तडकला किंवा गळायला लागला तर तो बदलण्याचं काम पुढं ढकलू नये. मिळेल तो तुकडा आणून वर टाकून देणं तर त्याहून वाईट, कारण तो पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बदलावा लागतो. हे काम पहिल्यांदाच करून घेणाऱ्यांसाठी इथं सगळं क्रमानं मांडतो आहे. यंत्रमागाच्या शेडवरचे पारदर्शक पत्रे आणि स्लॅबच्या घरात जिन्यावर ठेवलेले झरोके यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. असा पत्रा मधोमध क्वचित बिघडतो. तो बिघडतो कडेला: घट्ट पिळलेल्या स्क्रूपाशी, चुकीच्या सिलिकॉनपाशी, चौकटीत हलायला जागा नसलेल्या कोपऱ्यात. दुकानात सगळे विचारतात, ‘कोणता पत्रा चांगला?’ तो पत्रा कडेला कसा धरायचा, हे ठरवूनच दुकानात जावं.

पहिलं काम: वर चढून पाहा

माळवद असेल तर सान्याच्या भोवतीचा कट्टा किती उंच आहे ते मोजा. तो छतापासून निदान सहा इंच वर हवा. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो आणि कधी कधी तासाभरात माळवदावर तळं साचतं. कट्टा बुटका असेल तर जगातला कोणताही पत्रा गळती थांबवू शकणार नाही. आधी कट्टा उचलून घ्या. नवीन चौकट बसवताना तिचा भार लाकडी तुळयांवर यायला हवा. पांढऱ्या मातीच्या थरात खिळे ठोकून चौकट धरत नाही.

मग बघा की वर कोण चालतं. उन्हाळ्यात लोक माळवदावर झोपतात, पोरं खेळतात, रात्री अंधारात कुणी पाणी प्यायला उठतं. सान्यावर पाय पडणारच असं धरून चाला. पत्रा कोणताही घ्या, त्याच्या खाली लोखंडी गजांची जाळी हवीच. ती चोरासाठी आहेच, पण त्याहून जास्त माणूस खाली पडू नये यासाठी आहे. शेडवर तर हा जीवन-मरणाचा प्रश्न आहे. जुना फायबरचा पत्रा उन्हानं ठिसूळ होतो, वरून धुळीनं मळतो आणि शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसायला लागतो. दुरुस्तीला चढलेल्या माणसानं त्यावर पाय दिला की तो सरळ मागावर येऊन आदळतो. शेडवर चढताना आडव्या लोखंडावर टेकलेली फळी टाकल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका, आणि चढणाऱ्यालाही टाकू देऊ नका. छत जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटचं असेल तर ते कोरडं कापू किंवा फोडू नका. पाणी मारून ओलं करा, बोल्ट सोडवून पत्रा अखंड उतरवा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

खाली काय चालतं, हेही पाहायचं. जिथं सुताचा फुफाटा उडतो, कापूस साठतो किंवा चूल पेटते तिथं ॲक्रिलिक (काचेसारखं दिसणारं प्लॅस्टिक) नको. ते सहज पेटतं आणि जळते थेंब खाली टाकतं. अशा ठिकाणी पॉलिकार्बोनेट (मार सोसणारं प्लॅस्टिक) बरं, ज्योत बाजूला झाली की ते सहसा आपोआप विझतं.

चार पर्याय

आपल्याकडे बऱ्याच दुकानांत पारदर्शक प्लॅस्टिकला सरसकट ‘फायबर’ म्हणतात. तेवढंच सांगून पत्रा मागवला तर हातात काय येईल याचा भरवसा नाही. नावानिशी मागा.

खरा फायबरचा पत्रा म्हणजे काचतंतू घातलेला, नालीदार, दुधी-हिरवट. सगळ्यात स्वस्त. ऊन खाऊन वरचा थर झिजतो, तंतू उघडे पडतात, त्यात धूळ आणि शेवाळ बसतं आणि उजेड निम्म्यावर येतो. गोठ्याला किंवा तात्पुरत्या आडोशाला ठीक. माणसं जिथं दिवसभर डोळे ताणून काम करतात तिथं मी तो सुचवणार नाही.

ॲक्रिलिक हे दिसायला सगळ्यात सुंदर. कोरा पारदर्शक पत्रा सुमारे ९२ टक्के उजेड आत सोडतो, म्हणजे साध्या काचेपेक्षाही थोडा जास्त. वजन काचेच्या निम्म्याहून कमी: ६ मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच १५ किलोची, तेवढंच ॲक्रिलिक सात किलोच्या आसपास. उन्हानं ते फारसं पिवळं पडत नाही, हा त्याचा मोठा गुण. ओरखडेही पॉलिकार्बोनेटपेक्षा कमी पडतात आणि पडलेच तर पॉलिश करून काढता येतात. समुद्रातल्या शिडाच्या बोटींवर डेकमध्ये ज्या काचेसारख्या झडपा असतात त्या बहुतेक ॲक्रिलिकच्याच, त्याही १०-१२ मिलिमीटर जाडीच्या, कारण त्यांच्यावरून माणसं चालतात. ऊन, पाणी आणि वरून पडणारा पाय हा त्रास आपल्या सान्यालाही आहे, फक्त खाऱ्या वाऱ्याऐवजी इथं धूळ.

ॲक्रिलिक दोन प्रकारचं मिळतं आणि इथं बारकाईनं निवडावं लागतं. एक ओतीव, म्हणजे कास्ट. दुसरं यंत्रातून दाबून काढलेलं, म्हणजे एक्स्ट्रूडेड. एक्स्ट्रूडेड स्वस्त आणि जाडीला एकसारखं, पण त्यात आतून ताण राहिलेला असतो. कापताना ते वितळून करवतीला चिकटतं आणि थिनर किंवा स्पिरिट लागलं की त्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं लवकर उमटतं. छतासाठी कास्टच घ्या. पाट्या बनवणाऱ्या दुकानांत दोन्ही असतात, म्हणून ‘कास्ट शीट’ असं स्पष्ट बोला आणि वरच्या कागदावरचा छाप वाचा.

पॉलिकार्बोनेटची ताकद मार सोसण्यात आहे. त्याचा तुकडा हातोडीनं ठोकला तर चेपतो, फुटत नाही. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांना आठवते त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. उष्णताही ते जास्त सोसतं: ॲक्रिलिक ८० अंशांच्या आसपास नरमाईकडे झुकायला लागतं, पॉलिकार्बोनेट शंभरच्या पुढंही टिकतं. कमतरता दोन. ओरखडे फार लवकर पडतात. आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं आणि ठिसूळ होतं, म्हणून चांगल्या पत्र्यावर संरक्षक थर दिलेला असतो. हा थर बहुतेक पत्र्यांना एकाच बाजूला असतो. ती बाजू वर, सूर्याकडे करायची. पत्र्यावर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर तसं छापलेलं असतं. बसवणारा घाईत दोन्ही कागद आधीच ओढून टाकतो आणि मग कुठली बाजू कुठली हे कुणालाच कळत नाही. कागद काढण्याआधी वरच्या बाजूला कोपऱ्यात मार्करनं छोटी खूण करा. उलटा बसलेला पत्रा काही वर्षांतच चहाच्या रंगाचा होतो.

पॉलिकार्बोनेट भरीव मिळतं आणि आतून पोकळ कप्प्यांचंही. पोकळ पत्रा हलका आणि स्वस्त. मधल्या हवेमुळे उष्णताही थोडी कमी उतरते. मोठ्या शेडला तो चांगला. पण कप्प्यांची तोंडं उघडी ठेवली तर आत धूळ आणि ओल जाऊन हिरव्या रेघा उठतात, आणि त्या कधीच साफ होत नाहीत. वरच्या टोकाला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून तोंड पूर्ण बंद करायचं. खालच्या टोकाला बारीक छिद्रांची पट्टी लावायची, म्हणजे आत जमलेलं पाणी निघून जातं. कप्पे नेहमी उताराच्या दिशेनं धावले पाहिजेत. आडवे लावले की प्रत्येक कप्पा पन्हळ होऊन बसतो.

काच हवी असेल तर डोक्यावर साधी काच कधीही नको. नुसती टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काचही नको. ती बारीक तुकड्यांत फुटते हे खरं, पण फुटली की सगळीच्या सगळी एकदम खाली येते, आणि क्वचित कुणी हात न लावताही फुटते. छताला लॅमिनेटेड काच लावतात. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे फुटलेले तुकडे जागच्या जागी चिकटून राहतात. काचेवर आयएस २५५३ चा (सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा) शिक्का आहे का पाहा. टफन्ड करून घेतलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप चुकलं की पैसे गेले. काच ओरखडत नाही, पिवळी पडत नाही, आयुष्यभर टिकते. पण तिचं वजन पेलणारी चौकट आणि छत हवं. स्लॅबवरच्या झरोक्याला ती उत्तम, जुन्या माळवदावर तुळया तपासल्याशिवाय चढवू नये.

माझा कल विचाराल तर माजघराच्या सान्याला दुधी कास्ट ॲक्रिलिक, जिथं गारा किंवा पोरांचे चेंडू जास्त तिथं भरीव पॉलिकार्बोनेट, मागाच्या शेडला पोकळ पॉलिकार्बोनेट. दोन फूट बाय दोन फूट सान्याला, चारही बाजूंनी नीट टेकू असेल तर, ८ मिलिमीटर ॲक्रिलिक किंवा ६ मिलिमीटर भरीव पॉलिकार्बोनेट पुरतं, खाली जाळी आहे असं धरून. ३ मिलिमीटरचा पत्रा पाटीसाठी असतो. तो वळवाच्या वाऱ्यात फडफडतो आणि मधे खोल होऊन पाणी धरतो.

दुकानात खात्री करायची तर कापलेला छोटा तुकडा मागून घ्या. पक्कडीत धरून वाकवा. ॲक्रिलिक कडकन तुटतं, पॉलिकार्बोनेट दुमडतं. टिचकी मारली तर ॲक्रिलिकचा आवाज खणखणीत येतो, पॉलिकार्बोनेटचा बद्द. भाव विचारताना जाडी मिलिमीटरमध्ये विचारा आणि जमलं तर व्हर्नियर लावून मोजून घ्या.

ऊन किती घ्यायचं

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. आडव्या सान्यातून तेव्हा ऊन सरळ फरशीवर कोसळतं, मेमध्ये तर पारा ४२-४३ ला टेकलेला असताना. म्हणून कोरा पारदर्शक पत्रा इथं सहसा घेऊ नये. दुधी रंगाचा घ्या. तो उजेड पसरवतो, फरशीवर चटका देणारा चौकोन पडत नाही आणि कोपऱ्यात बसलेल्या माणसालाही सारखाच उजेड मिळतो. तपकिरी किंवा धुरकट रंग डोळ्याला थंड वाटतो, पण तो ऊन स्वतः पितो, तापतो आणि ती धग खाली सोडत राहतो.

आकाराचा मोह टाळा. खोलीच्या फरशीच्या विसाव्या भागाइतका झरोका आपल्या उन्हाला पुरे होतो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीला सव्वादोन बाय सव्वादोन फूट म्हणजे भरपूर.

जुन्या सान्याचं दुसरं काम होतं गरम हवा आणि धूर वर सोडण्याचं. नवीन पत्रा चारही बाजूंनी सील करून टाकला की उजेड येतो, पण खोलीचा श्वास बंद होतो. चौकट कट्ट्यापासून दोन-तीन इंच वर उचला, दोन समोरासमोरच्या बाजूंना बारीक स्टीलची जाळी लावा आणि पत्रा कडेनं चार इंच पुढे काढा म्हणजे पावसाचा झोत आत येणार नाही. एप्रिल-मेमध्ये सावली करायची तर वरून करा. पत्र्यावर पांढरं कापड किंवा शेडनेट ताणलं तर उष्णता बाहेरच अडते. आतून पडदा लावला तर ती आत येऊन गेलेली असते.

शेड नव्यानं बांधायची असेल तर जुन्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवा. त्यांच्या उभ्या काचा उत्तरेकडे असत. वर्षातला बराच काळ थेट ऊन न येता सारखा उजेड मागावर पडे. ती रचना आजही कामाची आहे.

चौकट आणि कड: इथं घाई नको

प्लॅस्टिक तापलं की वाढतं, लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांवर असलेला पत्रा मेच्या दुपारी ६५ अंशांवर जातो. एवढ्या फरकात एक मीटर लांबीचं ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतं. तेवढीच लोखंडी अँगल वाढते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. हा फरक रोज दुपारी आणि रोज रात्री होतो. पत्र्याला हलायला जागा नसेल तर तो आधी फुगतो आणि मग स्क्रूपासून तडकतो.

म्हणून शक्यतो पत्र्याला भोक पाडूच नका. खाली अँगलची चौकट, तिच्यावर रबराची पट्टी, तिच्यावर पत्रा, वर पुन्हा रबर आणि सगळ्यावर ॲल्युमिनियमची दाबपट्टी. स्क्रू दाबपट्टीतून चौकटीत जातात, पत्र्याच्या बाहेरून. पत्रा मधे नुसता धरलेला राहतो आणि सरकू शकतो. पत्र्याची कड चौकटीत निदान २० मिलिमीटर आत हवी, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात तो वाकून निसटतो. बाजूंना मोकळी जागा सोडा: मीटरभर पत्र्याला प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर. थंडीत काम करत असाल तर जरा जास्तच सोडा, कारण पुढं वाढ होणार आहे. मेच्या दुपारी तापलेला पत्रा मापून बसवत असाल तर तो आधीच फुगलेला आहे हे ध्यानात ठेवा.

भोक पाडावंच लागलं तर ते स्क्रूपेक्षा तीन मिलिमीटर मोठं पाडा, कडेपासून भोकाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर सोडा, खाली लाकडाची फळी ठेवा आणि ड्रिल हळू चालवा. खाली रबराचा वॉशर, वर रुंद स्टीलचा. बसक्या डोक्याचा, खोबणीत रुतणारा स्क्रू वापरू नका, तो पाचरीसारखा भोक फाकवतो. स्क्रू वॉशर टेकेपर्यंत पिळा आणि थांबा. फॅब्रिकेशनवाल्याला लोखंड आवळायची सवय असते. शेजारी उभं राहून ‘दादा, एवढं बास’ म्हणावं लागतं.

कापलेल्या कडा बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, कारण करवतीच्या प्रत्येक खाचेतून भेग सुरू होऊ शकते. चौकटीला रंग आधी द्या, पूर्ण वाळू द्या, मगच पत्रा चढवा. ओल्या ऑइलपेंटचा थिनर पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक दोघांचाही शत्रू आहे. रंग पांढरा द्या. काळी चौकट जिथं पत्र्याला टेकते तिथंच तो सगळ्यात जास्त तापतो.

सिलिकॉन घेताना नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं हवं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन काचेला चालतं, या प्लॅस्टिकना आणि लोखंडालाही नको. रबराची पट्टी ईपीडीएमची (उन्हापावसात टिकणाऱ्या रबराची) घ्या. मऊ पीव्हीसीच्या पट्टीतलं तेल सुटून पॉलिकार्बोनेटला भेगा पाडतं. एम-सील, फेविक्विक, डांबर यांनी तात्पुरती जोडाजोड करू नका.

पत्रा सपाट न ठेवता मीटरला नऊ-दहा सेंटिमीटर उतार द्या. पाणी वाहून जातं आणि जाताना धूळही नेतं. माप घेताना चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. जुनं सानं काटकोनात असेलच असं नाही. संरक्षक कागद काम संपलं की त्याच दिवशी काढा. दोन आठवडे उन्हात राहिला की तो पत्र्यावर भाजून बसतो.

पुढची काळजी

फेब्रुवारी-मार्चमध्ये काम उरकलेलं बरं. एप्रिलनंतर वळीव कधीही येतो आणि उघडं सानं घेऊन बसण्याची वेळ येते.

पत्रा कोरड्या फडक्यानं कधी पुसू नका. वरची धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. आधी भरपूर पाणी ओता, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ कापडानं हलक्या हातानं धुवा. आपल्याकडचा जुना सुती टर्किश टॉवेल यासाठी उत्तम. बोअरचं पाणी वापरलं तर लगेच पुसून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात. काच पुसायचे निळे स्प्रे, स्पिरिट, पेट्रोल, थिनर, सोडा यांपैकी काहीही नको. मागाच्या शेडमध्ये खालच्या बाजूला सुताचा फुफाटा चिकटतो, तो दर महिन्याला लांब दांड्याच्या मऊ ब्रशनं काढला तरी उजेडातला फरक दिसतो.

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कडा तपासा. रबर कडक झालंय का, स्क्रूभोवती बारीक रेघा आल्यात का, सिलिकॉन सुटलंय का. स्क्रूपाशी एखादीच भेग दिसली तर तिच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं तर ती पुढं सरकणं लांबतं, तेवढ्यात नवीन पत्र्याची सोय करता येते. सगळ्या पत्र्यावर केसासारखं जाळं आलं असेल, किंवा पॉलिकार्बोनेटचा सुटलेला कोपरा वाकवल्यावर दुमडण्याऐवजी तुटत असेल, तर त्यातली ताकद संपली आहे. मग पुढच्या पावसाची वाट न पाहता तो उतरवा. चौकट चांगली असेल तर ती ठेवा, मात्र रबर नव्या पत्र्याबरोबर नवंच घाला.